ग्रूट कॉन्स्टँशिया, केपटाऊन : ग्लास हातात घ्यायच्या आधी घर बघा

केपटाऊनला एकच वाईन इस्टेट बघण्याइतका वेळ असेल तर ग्रूट कॉन्स्टँशियालाच जा, हे आधीच सांगून टाकते. मी आणि माझी आत्या गेलो होतो. आत्या दारूच्या थेंबालाही शिवत नाही, पण घरी आल्यावर या जागेबद्दल माझ्यापेक्षा तीच जास्त बोलतेय.

आमच्यासारखी एक चूक मात्र करू नका. आम्ही आधी एक डे टूर घेतली होती, एका दिवसात चार इस्टेट, उतरा, चव घ्या, फोटो काढा, चला बसमध्ये. इथे जेमतेम अर्धा तास मिळाला, इस्टेटवरच्या जुन्या घराच्या आत पायसुद्धा टाकता आला नाही, इतकी चिडचिड झाली की दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून आम्ही दोघीच परत गेलो आणि दुपार होईपर्यंत तिथेच रमलो.

थोडं मागचं माहीत असेल तर ही जागा जास्त भिडते. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 साली यान व्हॅन रीबेकला इथे पाठवलं ते काही वाईन बनवायला नाही, हॉलंडहून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, जाणाऱ्या जहाजांना ताजं पाणी, भाजीपाला, मांस मिळावं म्हणून, कारण महिनोन्महिने समुद्रावर राहून खलाशी ताज्या भाज्या-फळांअभावी होणाऱ्या स्कर्व्हीने मरायचे. पिंपातलं पाणी खराब व्हायचं, वाईन टिकायची, म्हणून 1655 मध्ये युरोपातून द्राक्षाच्या काड्या मागवून लावल्या आणि 2 फेब्रुवारी 1659 ला व्हॅन रीबेकने डायरीत देवाचे आभार मानून लिहिलं की आज केपच्या द्राक्षांची पहिली वाईन निघाली. वसाहतीतल्या पहिल्या वाईनची अशी तारखेसकट नोंद सापडणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे!

पण ती सुरुवातीची वाईन फार काही चांगली नव्हती. तिला वळण लावलं सायमन व्हॅन डर स्टेलने. 1679 ला तो इथला प्रमुख म्हणून आला, 1685 ला त्याला कॉन्स्टँशियाची जमीन मिळाली, आणि नियम काय केला तर द्राक्षं पुरती पिकलीत की नाही हे समितीने येऊन बघितल्याशिवाय रस काढायचा नाही, काढला तर दंड. आणि या माणसाच्या आईची आई, मोनिका, आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची, गुलामगिरीतून सुटलेली बाई होती. हे मी आत्याला सांगितलं तर ती तिथेच थबकली, म्हणाली, "अगं, म्हणजे आपल्याकडचीच की गं!"

जुन्या घरात आता म्युझियम आहे. 1925 च्या आगीत घर जळालं होतं, नंतर पुन्हा उभं केलं. पांढऱ्या भिंती, वर वळणदार गेबल (छताच्या टोकाशी उभी नक्षीदार भिंत), जुनं फर्निचर, सगळं देखणं आहेच, पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे इथे गुलामांच्या आयुष्याबद्दल उघडपणे सांगितलंय. हे मळे त्यांच्याच कष्टावर उभे राहिले. मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशिया आणि आपल्या बंगाल, मलबार, कोरोमंडलहून माणसं धरून आणली जायची, मूळ नावं पुसली जायची आणि कागदोपत्री नव्या नावापुढे उरायचं फक्त 'व्हॅन बेंगालेन', 'व्हॅन मलबार', म्हणजे बंगालचा, मलबारची, एवढंच. 1834 पर्यंत हे कायद्याने चालू होतं आणि त्यानंतरही चार वर्षं 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना मालकाकडेच राबावं लागलं. वाचून घशाशी काहीतरी अडकतं.

घराच्या मागे चालत गेलं की क्लूटे सेलर, म्हणजे वाईनचं जुनं कोठार, लागतं. हेन्ड्रिक क्लूटेने 1778 ला इस्टेट विकत घेतली आणि 1791 मध्ये हे बांधलं, कपाळपट्टीवर शिल्पकार अँटन आनराइटचं कोरीवकाम आहे, गरुड, ग्रीक पुराणातला देखणा तरुण गॅनिमीड आणि भोवती धिंगाणा घालणारी गुटगुटीत पोरं. मान दुखेपर्यंत वर बघत उभी होते मी. क्लूटेच्या काळात इथली गोड वाईन युरोपच्या राजेरजवाड्यांत गाजली, पुढे सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेला नेपोलियनसुद्धा हीच मागवायचा.

टेस्टिंग सगळ्यात शेवटी करा आणि त्यात ग्रँड कॉन्स्टन्स ही इथली गोड वाईन सोडू नका. मस्कॅट जातीची द्राक्षं वेलीवरच सुरकुतेपर्यंत ठेवून बनवतात. छोट्याशा ग्लासात येते, रंग मधासारखा, नाकाजवळ नेली की आधी मनुका आणि मग संत्र्याच्या सालीचा वास, घोट घेतला की गोडवा जिभेवर रेंगाळतो पण चिकट वाटत नाही कारण मागून आंबटपणा येऊन सगळं साफ करतो. आत्याने नुसता वास घेतला आणि म्हणाली, दिवाळीच्या फराळाच्या डब्यासारखा येतोय! व्हिन द कॉन्स्टन्स म्हणून जी प्रसिद्ध आहे ती शेजारच्या क्लाइन कॉन्स्टँशियाची. तीही मुळात व्हॅन डर स्टेलच्याच जमिनीचा भाग, त्यामुळे नावात गोंधळ होतो, बाटली घेताना बघून घ्या.

तीन तास तरी हाताशी ठेवा, चालायला सोपे बूट घाला, गाडी स्वतः चालवत असाल तर चालवणाऱ्याने पिऊ नये. आणि जाता-येता कर्स्टनबॉश बोटॅनिकल गार्डनला थांबा, टेबल माउंटनच्या याच बाजूला आहे. तिथे व्हॅन रीबेकने 1660 मध्ये लावलेल्या कडू बदामाच्या कुंपणाचा काही भाग अजून जिवंत आहे. पहिली वाईन निघाली त्याच वर्षी चराऊ जमिनी गेल्या म्हणून इथले मूळचे खोईखोई गुराखी डचांशी लढले, त्यांना आणि त्यांच्या गुरांना बाहेर ठेवायला ते कुंपण घातलं होतं. झाडं आता आडवीतिडवी वाढलीत, खोडं जमिनीवर लोळतात. आत्या त्यातल्या एका खोडाला हात लावून बराच वेळ उभी राहिली होती.