शेजारचा रेट दाखवून 6,40,000 ची टोपी घातली

बेळगावजवळ मच्छे गावाच्या बाजूला प्लॉट बघत असाल तर हे वाचाच. 30 बाय 40 चा प्लॉट, 1,800 रुपये स्क्वेअर फूट, म्हणजे 21,60,000. इसार दिला 6,40,000, त्यातले 2,40,000 चेकनं आणि 4,00,000 रोख. रोख का दिली म्हणून मला शहाणपण शिकवू नका, बेळगावात रोखीशिवाय कुठला सौदा होतो ते आधी सांगा.

एजंटची सगळी मदार शेजारच्या लेआउटवर. तिथं 2,000 चाललाय काका, तुम्हाला म्हणून 1,800 नं देतोय, हलगा-मच्छे बायपास झाला की तीन हजाराच्या खाली कोण बोलणार पण नाही. पुरावा म्हणून लागूनच्या प्लॉटचं अ‍ॅग्रीमेंट दाखवलं, स्टँप पेपर, फोटो, नोटरीचा शिक्का, सगळं. घेणारा त्याचाच मेव्हणा निघाला, हे नंतर कळलं. नुसतं नोटरी केलेलं रजिस्ट्रार ऑफिसच्या रेकॉर्डला येतच नाही, म्हणजे त्यात आकडा काय पण घाला. आणि खरा रेट कळणार तरी कुठून, खरेदीपत्रात लोक गाइडन्स व्हॅल्यूच्या, म्हणजे सरकारी दराच्या आसपास दाखवतात आणि वरचे हातात देतात. एजंट लोकांचं पोट ह्याच्यावरच चालतं.

डोकं फिरतं ते एकाच गोष्टीनं. जागा बघायला गेलो तर डांबरी रस्ता, गटार, लाइटचे खांब, सगळं शेजारच्या लेआउटात, आणि बांधाला येऊन थांबलेलं. अलीकडं चुन्याच्या रेघा मारलेल्या आणि मध्ये सोयाबीनची धसकटं. धसकटं! बूट अडकला माझा त्यात. विचारलं पण मी, तर म्हणे जागा पडून राहण्यापेक्षा मालक पेरतो. पटलं की, कुणालाही पटलं असतं. शेजारचं एन.ए. झालेलं, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी असलेलं, आणि आमची निव्वळ शेतजमीन. उताऱ्यावर नावं चार भावांची, अ‍ॅग्रीमेंटवर सही एकाची. ई-खाता, म्हणजे प्लॉटचा ऑनलाइन खाते-उतारा नाही, त्यामुळं रजिस्ट्रेशनच होत नाही.

आधी उतारा बघा, मग जागा. आणि ईसी (जागेवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा रजिस्ट्रार ऑफिसचा दाखला) फक्त आपल्या प्लॉटची नको, ज्याचा रेट दाखवतोय त्याची पण काढा, व्यवहार खरंच झालाय का ते तिथं दिसतं.

पोलिसांत गेलो तर सिव्हिल मॅटर. मराठीतला अर्ज परत, कन्नडात आणा. कन्नडात लिहून घेऊन गेलो तर साहेब विधिमंडळ अधिवेशनाच्या बंदोबस्ताला, सुवर्णसौधला. रजिस्ट्रार ऑफिसवाले म्हणतात दस्तच नोंद नाही, आम्ही काय करणार. लेआउट मंजूर करणाऱ्या ऑफिसात गेलो तर मंजूरच नाही म्हणजे आमचा संबंध नाही. अहो मंजूर नाही म्हणूनच आलोय ना! रोडला एवढे मोठे बोर्ड लावून विकतायत, येताजाता दिसत नाहीत तुम्हाला? पगार कशाचा घेता मग? वर रोखीवरून एकानं मलाच दम दिला. 2015 पासून जागेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याच्यावर रोख घ्यायला बंदी आहे, पण दंड घेणाऱ्याला असतो, देणाऱ्याला नाही, हे वकिलानं सांगितलं. त्याची फी 15,000 वेगळी.

आता एजंट ओळखीच्या एकाला माझ्या पलीकडचा तुकडा 1,950 नं देतोय, आणि रेटचा पुरावा म्हणून दाखवतोय माझंच अ‍ॅग्रीमेंट. 21,60,000 चा असला कागद तुमच्यासमोर आला तर तो माझा आहे, आणि खरेदी झालेली नाही, होणार पण नाही.