म्हापशाच्या बाजारातला बॅगवाला आणि पिवळ्या ठिगळांची माझी बॅग

गोव्यात म्हापशाच्या बाजारात बॅगा दुरुस्त करणारा एक कारागीर आहे. त्याच्याकडून मी माझ्या प्रवासी बॅगेला पिवळी ठिगळं लावून घेतली. पैसे पडले साडेसहाशे. त्यानंतर चार वेळा ती बॅग विमानतळाच्या पट्ट्यावरून उचलली आणि चारही वेळा ती मला पट्ट्याच्या पार पलीकडच्या टोकाला असतानाच दिसली. माझ्यासारखी काळी कापडी ट्रॉली घेऊन फिरणाऱ्या कुणालाही मी या माणसाकडे पाठवीन. का, ते सांगायला मात्र थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी लेकीच्या बाळंतपणाला दुबईला गेले. पहिलंच बाळंतपण. बॅग भरायला मला पंधरा दिवस लागले होते. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा, वेखंडाची कांडी, जुन्या धोतराची मऊ दुपटी, सहा झबली, दोन टोपरी. खसखस तेवढी काढून ठेवली, कारण अमिरातीत ती नेता येत नाही. आणि सगळ्यांत खाली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, माझ्या आईच्या नऊवारी लुगड्यांची गोधडी. आई गेली त्याला अकरा वर्षं झाली. तिच्या लुगड्यांची गोधडी मी पहिल्या नातवंडासाठी स्वतः शिवली होती, दोन पावसाळे बसून.

दुबईला पट्टा सुरू झाला. काळ्या बॅगा एकामागून एक येत राहिल्या. मी तीन बॅगा ओढून पाहिल्या, तिन्ही दुसऱ्यांच्या. पट्टा थांबला तेव्हा त्यावर माझ्या बॅगेसारखीच एक काळी बॅग एकटी उरली होती. तिच्या चिठ्ठीवर भलतंच नाव. माझी बॅग घेऊन कुणीतरी केव्हाच बाहेर पडलं होतं.

तिथल्या तक्रारीच्या काउंटरवरच्या मुलीनं माझ्यापुढे बॅगांच्या चित्रांचा एक तक्ता ठेवला आणि विचारलं, यातली कुठली? रंग कुठला? मी म्हटलं, काळी, मोठी, चार चाकांची. हे मी बोलले आणि माझं मलाच कळलं की यात माझ्या बॅगेचं असं काहीच मी सांगितलेलं नाही. खरा आधार होता तो बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीचा. तिच्यावर दहा आकडे असतात. पहिला आकडा सोडला की पुढचे तीन विमान कंपनीचे आणि शेवटचे सहा तुमच्या बॅगेचे. ही चिठ्ठी मी आजवर विमानातून उतरले की चुरगळून पर्समध्ये टाकत असे. आता बॅग घरी येईपर्यंत ती जपून ठेवते. तक्रारीची लेखी नोंद केल्याशिवाय तिथून हलू नका, हेही सांगून ठेवते. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग मोडून-फाटून आली तर हातात पडल्यापासून ७ दिवसांत लेखी कळवावं लागतं आणि २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरतात. १९९९ च्या माँट्रियल कराराचा हा नियम आहे. भारतानं तो २००९ साली स्वीकारला.

बॅग तिसऱ्या दिवशी मिळाली. ज्या काकांनी ती चुकून नेली होती ते भले गृहस्थ होते. घरी चेन उघडल्यावर लाडवांचा वास आला तसं त्यांच्या लक्षात आलं, आणि ते स्वतः ती परत घेऊन आले. काही म्हणता काही हरवलं नव्हतं. पण माझा नातू आदल्याच रात्री जन्मला होता. त्याची पहिली रात्र इस्पितळाच्या कापडात गेली. आईची गोधडी त्याच्या अंगावर पडली ती दुसऱ्या दिवशी. हे दुखणं छोटं आहे हे मला कळतं, तरी ते गेलेलं नाही.

त्या काकांवर मी रागावले नाही. त्यांना माझी बॅग त्यांचीच वाटली. म्हणजे माझी बॅग मला ओळखता येणं पुरेसं नव्हतं. ती दुसऱ्याला स्वतःची वाटता कामा नये, हे त्याहून महत्त्वाचं होतं.

परत आल्यावर जो-तो एकच सांगायचा: रिबीन बांध. बांधूनही पाहिली असती, पण आमच्या शेजारची पोर जहाजावर असते, ती म्हणाली की मुठीला रिबिनी बांधलेल्या पाच बॅगा तिनं एकाच पट्ट्यावर पाहिल्यात, त्यातल्या तीन लाल. शिवाय लोंबती रिबीन वाटेत यंत्राच्या पट्ट्यात अडकते, तुटते. मग मी ऑनलाइन ताणायचं कव्हर मागवलं, फुलाफुलांचं. दिसायला छान. पण बाजूची मूठ त्याच्या भोकापाशी बरोबर येईना आणि पहिल्याच वापरात खालची शिवण चाकांपाशी उसवली. नावाचं स्टिकर लावलं, ते जुलैच्या दमट हवेत आपोआप सुटून आलं.

म्हापशाचा हा कारागीर मला सापडला तो चेनचा रनर बदलायला गेले तेव्हा. आम्ही अस्नोड्याची माणसं, बाजार म्हटला की म्हापसाच. दुकान म्हणजे शटरच्या आतली जेमतेम चार हात जागा. वर चाकं, मुठी, बकलं दोऱ्याला ओवून टांगलेली. खाली शाळेची दप्तरं, मोठ्या ट्रॉल्या, एक जुनी पत्र्याची पेटी. तारवट्यांची, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांची, पेटी असते तसली, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव लिहिलेलं. ती बघून मला वाटलं, बोटीवर जाणाऱ्या आपल्या माणसांना हे किती आधीपासून ठाऊक होतं. दहा पेट्यांत आपली पेटी कुठली हा प्रश्नच नको, म्हणून झाकणभर अक्षरं.

मी त्याला म्हटलं, मला या बॅगेवर काहीतरी ठळक लावून हवं. त्यानं लगेच दर सांगितला नाही. आधी विचारलं, “बाय, ही बॅग पट्ट्यार कशी पडटा?”

मला उत्तर देता येईना. मग त्यानं बॅग जमिनीवर आडवी टाकून दाखवली. पट्ट्यावर बॅग कधी उताणी येते, कधी पालथी, कधी कुशीवर, चाकं आपल्याकडे करून. आपण ओळखीची खूण लावतो ती वरच्या मुठीला किंवा पुढच्या बाजूला. बॅग पालथी आली की ती खूण पोटाखाली गेली. त्यानं सांगितलं, खूण तीन ठिकाणी हवी: पुढे, मागे आणि चाकांच्या बाजूच्या कुशीवर. इतकी वर्षं बॅगा नेल्या-आणल्या, मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी घरून कुणबी कापड घेऊन गेले होते. लाल रंगावरची ती बारीक चौकडी मला फार आवडते. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडीला पुन्हा मान मिळवून दिला, त्याचं मला अजून अप्रूप आहे, आणि परदेशात आपली बॅग गोव्याची दिसावी अशी माझी मनापासून इच्छा होती. त्यानं कापड हातात घेतलं, वाखाणलं, आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवलं. परत येऊन म्हणाला, “आतां पळय. पयसावेल्यान दिसना.” लांबून दिसत नाही, हे खरंच होतं. पंधरा पावलांवरून चौकडी नाहीशी झाली होती आणि काळ्या बॅगेशेजारी उरला होता एक काळपट तांबूस डाग. मग त्यानं तिथेच ठेवला पिवळ्या ताडपत्रीचा तुकडा. तो डोळ्यांत भरला.

ताडपत्रीच का, रेक्झिन का नाही, असं मी विचारलं. रेक्झिन आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत पोपडे धरतं, म्हणाला. खरं आहे, माझ्या कपाटातल्या दोन पर्स त्याला साक्षी आहेत. ताडपत्री धुता येते, बुरशी पुसून काढता येते, आणि भिजली तरी फुगत नाही.

शेवटी ठरलं ते असं. तीन बाजूंना पिवळ्या ताडपत्रीचे मोठे अर्धचंद्र, प्रत्येक वीतभर रुंद, आणि मुठीला कुणबी कापडाचा पट्टा, वेलक्रोचा, म्हणजे काढून धुता येईल असा. पिवळी खूण दुरून, कुणबी जवळून. कापड फुकट गेलं नाही याचा मला आनंद झाला, पण त्याचं ऐकलं याचा त्याहून जास्त झाला.

शिवणीबद्दल सांगायलाच हवं. तयार बॅग मशीनखाली बसत नाही, म्हणून हे काम आरीनं हातावर करावं लागतं. त्यानं आतल्या अस्तराची चेन उघडून अस्तर बाजूला केलं आणि टाके फक्त बाहेरच्या कापडातून घेतले. आतून बॅग पाहिली तर काही केल्याचं कळत नाही, कपड्यांना गाठी लागत नाहीत. दोरा मेण लावलेला नायलॉनचा. प्रत्येक ठिगळाला दुहेरी शिवण. बॅगेवरची जुन्या प्रवासांची बारकोडची स्टिकरंही त्यानं, मी न सांगता, खोबरेल चोळून काढून टाकली. जुना बारकोड राहिला आणि यंत्रानं तोच वाचला तर बॅग भलतीकडे जाऊ शकते. हेही लोकांनी लक्षात ठेवावं.

आता बॅग उजेडात कशी उठून दिसते ते. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला दुबईला गेले तेव्हा पट्ट्यावर बॅग पालथी आली. पिवळा अर्धचंद्र वर. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. त्यांचीही बॅग काळी होती. त्या एका क्षणासाठी दिलेले साडेसहाशे रुपये मला जास्त वाटत नाहीत. परतताना गोव्याच्या दाबोळी विमानतळावर, आणि नंतर भाच्याच्या लग्नाला गोव्याच्याच मोपा विमानतळावरून हैदराबादला जाऊन येताना, तसाच अनुभव.

तक्रारी आहेत. मंगळवारी देतो म्हणाला आणि बॅग हातात आली नवव्या दिवशी. मधे दोन फेऱ्या फुकट गेल्या. फोन करून कळवायची पद्धत त्याच्याकडे नाही. प्रवास चार दिवसांवर असेल तर या माणसाकडे जाऊ नका, जीव टांगणीला लागेल. दुसरं, चाकांकडच्या ठिगळाचा कोपरा हैदराबादला उतरले तेव्हा सुटलेला होता. त्या जागी घासणं जास्त होतं, तिथं तिसरी शिवण हवी होती. त्यानं ती नंतर पैसे न घेता घालून दिली, पण आधीच घालायला हवी होती. आणि पिवळा रंग मळतो. साबणाच्या पाण्यानं निघतो, पण प्रत्येक प्रवासानंतर पुसावा लागतो.

कडक कवचाच्या बॅगेवर तो हे काम करत नाही. भोक पाडलं की तिथून चीर जाते, असं सांगून त्यानं माझ्या नणंदेला स्पष्ट नकार दिला. तिच्या बॅगेचं माप घेऊन जाड कॅनव्हासचं कव्हर शिवून दिलं, पिवळ्या पट्ट्यांचं, अकराशे रुपयांत. मुठींची भोकं अचूक आहेत. फक्त कव्हर चढवायला दोन माणसं लागतात, हे मला पसंत नाही. एकट्यानं प्रवास करणाऱ्यानं विचार करून घ्यावं.

जावयानं बॅगेत ठेवायला अ‍ॅपलचा एअरटॅग दिला आहे. तो चांगला आहे, बॅग कुठल्या शहरात आहे ते सांगतो. आजूबाजूच्या आयफोनांवरून त्याला जागा कळते. जवळ गेलं की नव्या आयफोनांवर तो दिशा आणि अंतरही दाखवतो, पण पट्ट्यावर बॅगा फिरत असतात. चाळीस काळ्या बॅगांतली कुठली, ते डोळ्यांनी बघणंच सोपं. दोन्ही असावं.

मी आता बॅगेच्या आत झाकणाला एक कागद चिकटवते. त्यावर माझं नाव, लेकीचा दुबईचा नंबर आणि घरचा नंबर. बाहेरच्या चिठ्ठीवर फक्त फोन, घरचा पत्ता नाही. घर बंद आहे हे रस्त्यावरच्या माणसाला कळायचं कारण नाही. काकांना माझी बॅग उघडल्यावर आत असा कागद सापडला असता तर त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला असता. आणि चेक-इनला बॅगेवर चिठ्ठी लावली की ती वाचते. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाही सुरू झालं, तेव्हापासून गोव्याचे विमानतळ दोन झाले. दाबोळीची अक्षरं जीओआय, मोपाची जीओएक्स. परतीच्या प्रवासात बॅग तुमच्याच विमानतळाच्या नावानं जाते आहे ना, ते काउंटरवरून हलण्याआधी बघा.

दुकानावर पाटी नाही. बाजारात कुणालाही बॅगवाला कुठे बसतो म्हणून विचारलं की दाखवतात. शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि त्याला मान वर करायला फुरसत नसते. सकाळी दहानंतर गेलात तर तो नीट बोलतो, बॅग आडवी टाकून दाखवतो. बॅग रिकामी करून न्या, आणि पंधरा दिवस हातात ठेवून न्या.