डोके-मानेच्या स्वायत्त नर्व्हचे मॉडेल : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पावसाळा सुरू होताना घेतलेले डोके व मान यांचे मॉडेल आता द्राक्षांच्या काढणीचे दिवस आले तरी जवळजवळ रोज टेबलावर असते, त्यामुळे त्याच्याविषयी सविस्तर लिहिता येण्याइतका वापर झाला आहे. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या घरी मी फिजिओथेरपी आणि दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र शिकवते. कॉलेजमध्ये त्यांना शवविच्छेदन पाहायला मिळते आणि त्याला पर्याय नाही; पण डोक्यातील स्वायत्त चेतासंस्थेची (म्हणजे लाळ, अश्रू, घाम, बाहुली यांसारखी आपल्या इच्छेबाहेरची कामे चालवणाऱ्या संस्थेची) गँग्लिऑन, म्हणजे चेतापेशींचे पुंजके, इतकी लहान आणि इतकी खोलवर असतात की विद्यार्थ्यांच्या चिमट्याखाली ती बहुधा टिकत नाहीत. डोळ्यामागचे सिलिअरी गँग्लिऑन एक ते दोन मिलिमीटरचे असते. ते वर्गातील प्रत्येकाला शवावर दिसेल, अशी अपेक्षा धरणेच चुकीचे आहे. म्हणून हे मॉडेल घेतले. ते मध्यरेषेवर कापलेल्या अर्ध्या डोक्याचे, नैसर्गिक आकाराच्या दीडपट असून जबड्याचा उभा भाग, गालाचे हाड आणि नाकाची बाहेरील भिंत हे भाग चुंबकावर बसवलेले आहेत.

माझे मत आधीच सांगते. स्वायत्त संस्थेच्या दोन बाजूंपैकी पॅरासिम्पथेटिक (येथे लाळ व अश्रू सोडवणारी) बाजू शिकवण्यासाठी याच्याइतके उपयुक्त साधन मी हाताळलेले नाही. सिम्पथेटिक (येथे घाम आणणारी, बाहुली रुंदावणारी) बाजूसाठी मात्र ते अपुरे आहे, आणि त्याचे कारण रंगकामात वा कारागिरीत नसून मान कोठे कापली आहे यात आहे.

सर्वांत चांगले जमलेले स्थळ म्हणजे टेरिगोपॅलाटाइन गँग्लिऑन. नाकाची बाहेरील भिंत काढली की स्फिनोपॅलाटाइन छिद्राच्या मागे, वरच्या जबड्याकडे जाणाऱ्या मॅक्सिलरी नर्व्हपासून दोन आखूड धाग्यांनी लोंबणारे ते गँग्लिऑन दिसते आणि मागून टेरिगॉइड कॅनालमधून येणारी नर्व्हही सलग दिसते. येथे मी कांद्याचेच उदाहरण घेते, कारण लासलगावच्या जिल्ह्यात ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कांदा चिरताना उडणारा वायू डोळ्याच्या पारदर्शक पटलाला झोंबतो, ती संवेदना चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नर्व्हच्या ऑफ्थॅल्मिक शाखेतून मेंदूच्या देठात जाते, आणि तेथून निघणारा आदेश मात्र फेशियल नर्व्हतर्फे येतो. त्याचे तंतू जेनिक्युलेट गँग्लिऑनमधून न थांबता ग्रेटर पेट्रोसल नर्व्हमध्ये शिरतात, कवटीच्या तळाशी असलेल्या फोरॅमेन लॅसेरम या छिद्रापाशी सिम्पथेटिक तंतूंच्या डीप पेट्रोसल नर्व्हशी त्यांची गाठ पडते, दोन्ही मिळून टेरिगॉइड कॅनालमधून पुढे येतात आणि टेरिगोपॅलाटाइन गँग्लिऑनमध्ये पोचतात. पुढची पाठ्यपुस्तकातील वाट मॅक्सिलरीच्या झायगोमॅटिक शाखेतून लॅक्रिमल नर्व्हमध्ये आणि तेथून अश्रुग्रंथीत जाते. विद्यार्थी हा सगळा प्रवास तोंडपाठ म्हणतात. मॉडेलवर बोट फिरवल्यावर त्यांना प्रथमच कळते की अश्रूंचा आदेश डोळ्याकडे जाताना नाकाच्या मागून वळसा घेतो.

याच ठिकाणी एक गोष्ट मॉडेल सांगत नाही, ती शिक्षकानेच सांगावी लागते. या गँग्लिऑनमध्ये पॅरासिम्पथेटिक तंतू सांधा बदलतात, म्हणजे एक चेतापेशी संपते आणि दुसरी सुरू होते. सिम्पथेटिक तंतू मात्र त्यातून नुसते पार होतात, कारण त्यांचा सांधा आधीच मानेतील सुपीरिअर सर्व्हायकल गँग्लिऑनमध्ये झालेला असतो. डोक्यातील चारही पॅरासिम्पथेटिक गँग्लिऑनच्या बाबतीत हा नियम लागू आहे आणि तोंडी परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो. मॉडेलमध्ये स्वायत्त तंतू, संवेदी तंतू, स्नायूंना जाणारे तंतू, सगळे एकाच पिवळ्या रंगात आहेत. इतक्या किमतीच्या वस्तूत हा आळस मला पटला नाही. मी बारीक कुंचल्याने पॅरासिम्पथेटिक वाटांवर निळी आणि सिम्पथेटिक वाटांवर लाल रेघ काढून घेतली, आणि जेथे सांधा होतो तेथेच पांढरा ठिपका दिला. त्यानंतर मुलांचे प्रश्न बदलले. नाव विचारणे कमी झाले आणि ठिपका येथेच का, हे विचारणे वाढले.

ओटिक गँग्लिऑन अचूक जागी आहे, हे मुद्दाम नोंदवते, कारण अनेक तक्त्यांत ते चित्राच्या सोयीसाठी खालच्या जबड्याकडे जाणाऱ्या मँडिब्युलर नर्व्हच्या बाहेरच्या अंगाला दाखवलेले असते. प्रत्यक्षात ते फोरॅमेन ओव्हेल या कवटीच्या तळाच्या छिद्राच्या लगेच खाली, त्या नर्व्हच्या आतल्या अंगाला असते, आणि अर्ध्या डोक्याच्या मॉडेलमध्ये आतून पाहता येत असल्याने ते नीट दिसते. ग्लॉसोफॅरिंजियल नर्व्हचे तंतू मध्यकर्णातील जाळ्यातून लेसर पेट्रोसल नर्व्हमध्ये, तेथून ओटिक गँग्लिऑनमध्ये आणि सांध्यानंतर ऑरिक्युलोटेम्पोरल नर्व्हतर्फे कानापुढील पॅरोटिड ग्रंथीत जातात. ही शेवटची नर्व्ह मॉडेलमध्ये ग्रंथीच्या मागून वर चढताना स्पष्ट दाखवली आहे, म्हणून फ्रे सिंड्रोम समजावणे सोपे जाते. पॅरोटिडच्या शस्त्रक्रियेनंतर तुटलेले तंतू पुन्हा वाढताना कधीकधी कातडीतील घर्मग्रंथींना जाऊन जुळतात, आणि मग जेवताना लाळ सुटायची तेथे गालावर घाम येतो. 1923 मध्ये या विकारातील ऑरिक्युलोटेम्पोरल नर्व्हचा वाटा उलगडून दाखवणाऱ्या पोलिश डॉक्टर लुसिया फ्रे यांचे नाव मी वर्गात आवर्जून घेते. दुसऱ्या महायुद्धात ल्वूफ (आजच्या युक्रेनमधील ल्विव्ह) शहरातील ज्यूंना डांबलेल्या वस्तीत त्यांचा अंत झाला.

सबमँडिब्युलर गँग्लिऑन लिंग्वल नर्व्हला लोंबलेले आहे तसेच दाखवले आहे. दंतवैद्यकाच्या मुलांना येथे थांबवावे, कारण अक्कलदाढेच्या आतल्या बाजूने लिंग्वल नर्व्ह किती जवळून जाते आणि तिच्यात कॉर्डा टिम्पनीचे (फेशियल नर्व्हच्या शाखेचे) चवीचे व लाळेचे तंतू मिसळलेले असतात, हे जबड्याचा तुकडा काढ-घाल करताना आपोआप लक्षात येते. सिलिअरी गँग्लिऑन मात्र वाटाण्याएवढे केले आहे. दिसावे म्हणून मोठे केले, हे मान्य. पण ऑप्टिक नर्व्ह आणि लॅटरल रेक्टस स्नायू यांच्यामधली खरी अरुंद जागा त्यामुळे कळत नाही.

आता मुख्य उणीव. या मॉडेलची मान सहाव्या मणक्यापाशी कापली आहे. त्यामुळे सुपीरिअर आणि मिडल ही दोन सर्व्हायकल गँग्लिऑन दिसतात. सातव्या मणक्याच्या पातळीवरचे इन्फीरिअर, जे बहुतेकांत पहिल्या थोरॅसिक (छातीच्या) गँग्लिऑनशी जुळून स्टेलेट गँग्लिऑन बनते, ते मुळातच नाही. सुपीरिअर गँग्लिऑनसुद्धा मण्यासारखे गोल केले आहे. खरे गँग्लिऑन कॅरोटिड शीथच्या (मानेतील मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आवरणाच्या) मागे, दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यासमोर, सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर लांब आणि दोन्ही टोकांना निमुळते असते. तरी आकाराचा दोष किरकोळ म्हणता येईल. उगमच नसणे किरकोळ नाही. मानेच्या मज्जारज्जूतून सिम्पथेटिक साखळीला (मणक्यांच्या शेजारून जाणाऱ्या गँग्लिऑनच्या माळेला) एकही पांढरी जोडशाखा, म्हणजे मज्जारज्जूतून तिच्यात तंतू आणणारी शाखा, मिळत नाही. डोके-मानेचा सगळा सिम्पथेटिक पुरवठा छातीच्या वरच्या भागातून, प्रामुख्याने पहिल्या काही थोरॅसिक खंडांतून निघतो, फुप्फुसाच्या शेंड्यावरून साखळीत वर चढतो आणि सुपीरिअर गँग्लिऑनमध्ये सांधा बदलून इंटर्नल व एक्स्टर्नल कॅरोटिड धमन्यांच्या अंगाने पसरतो. हे मॉडेल पाहणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याला वाटते की साखळी मानेतच सुरू होते.

फिजिओथेरपीच्या मुलांसाठी ही चूक महागात पडणारी आहे. प्रसूतीत किंवा अपघातात हात वर ओढला जाऊन सी-आठ (मानेचे आठवे) व टी-एक (छातीचे पहिले) ही नर्व्हची मुळे उपटली गेली, तर क्लुम्पके प्रकारचा पक्षाघात होतो. हाताचे छोटे स्नायू दुबळे होतात, आणि त्याच बाजूला पापणी किंचित उतरलेली व बाहुली बारीक झालेली दिसते. हाताच्या दुखापतीचा डोळ्याशी काय संबंध, हा प्रश्न टी-एकचे मूळ दाखवल्याशिवाय सुटतच नाही. फुप्फुसाच्या शेंड्यावरील गाठीमुळे होणारा हॉर्नर सिंड्रोमही, म्हणजे हीच उतरलेली पापणी व बारीक बाहुली, तसाच. उलट इंटर्नल कॅरोटिडच्या भिंतीला चीर पडली, तर पापणी आणि बाहुलीवर परिणाम होतो, पण चेहऱ्याचा घाम बराचसा शाबूत राहतो, कारण घामाचे बहुतेक तंतू एक्स्टर्नल कॅरोटिडच्या अंगाने गेलेले असतात. हा फरक मात्र मॉडेलवर सुरेख शिकवता येतो. दोन्ही धमन्यांवरील जाळी वेगवेगळी कोरली आहेत.

यावर मी केलेला उपाय साधा आहे. सुताराकडून फळीचा उंच पाया करून घेतला, त्यावर पहिली बरगडी, फुप्फुसाचा शेंडा आणि वरचे थोरॅसिक मणके रंगवून घेतले, आणि टी-एकपासून लाल रेशमी दोरा सबक्लेव्हिअन धमनीमागून वर नेऊन मॉडेलमधील साखळीला बांधला. दोरा कात्रीने कोठेही कापायचा आणि काय काय बिघडेल ते सांगायचे, हा आमचा ठरलेला सराव झाला आहे.

टिकाऊपणाविषयी थोडे. चुंबक अजून घट्ट आहेत. कॉर्डा टिम्पनीची तार श्रावणाच्या आसपास सुटली, ती द्रव डिंकाने बसवली. जेथे बोटे जास्त फिरतात तेथे, म्हणजे जबड्याखाली आणि कॅरोटिडच्या दुभाजनापाशी, रंग उडू लागला आहे. स्पिरिटने पुसू नये. ओल्या फडक्याने काम भागते. सोबतच्या पुस्तिकेत क्रमांक आणि नावे आहेत, स्पष्टीकरण नाही, आणि व्हेगस नर्व्हचा क्रमांक एका ठिकाणी शेजारच्या सिम्पथेटिक साखळीवर छापला आहे. विक्रेत्याला कळवल्यावर दुरुस्त पान मिळाले, तेही बऱ्याच दिवसांनी.

म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याने हे विकत घेऊ नये; त्याच्यासाठी चांगला अ‍ॅटलास, कवटी आणि रंगीत पेन्सिली पुरेशा आहेत. चार-पाच जणांनी मिळून वापरायचे असेल किंवा शिकवायचे असेल, तर दंतवैद्यकासाठी आहे तसे घ्यावे. फिजिओथेरपीसाठी मात्र पहिल्या बरगडीपर्यंत जाणारे मॉडेल मिळते का ते आधी विचारावे, आणि तसे नसेल तर किमतीत सुताराची मजुरी धरूनच निर्णय घ्यावा.