नाकातल्या पेशी, सलाईन आणि आमचे ४,२५,०००

'नाकातल्या पेशींनी मणक्याची दुखापत बरी करतो' म्हणणाऱ्यांना आम्ही ४,२५,००० मोजले. नोंदणी २५,०००, 'पेशी-प्रक्रिया' ३,४०,०००, व्यायामाचं पॅकेज ६०,०००. भावाचे पाय होते तसेच आहेत.

आम्ही अडाणी नाही. त्यांनी सांगितलेलं विज्ञान खरं होतं, म्हणूनच गळाला लागलो. वास टिपणाऱ्या चेतापेशी जन्मभर नव्याने तयार होतात, आणि सोबतच्या ग्लायल (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशी त्यांचे तंतू गुंडाळून, वाटेतला कचरा खात, थेट मेंदूपर्यंत पोचवतात. मज्जारज्जूत मात्र तुटलेले तंतू जखमेच्या चट्ट्यापाशीच अडतात. १९९७ मध्ये लंडनला संशोधक जेफ्री रेझमन यांच्या चमूने या ग्लायल पेशी जखमी उंदरांच्या मज्जारज्जूत सोडल्या, तेव्हा उंदीर पुन्हा पंजा पुढे करून खाणं उचलू लागले. मज्जारज्जू तुटून पाय लुळे पडलेल्या पोलंडच्या दारेक फिडिकाचा चालतानाचा व्हिडिओही दाखवला. तोही खोटा नाही.

पण त्याची कवटी उघडून मेंदूतला वास ओळखणारा एक कंद काढला होता! त्यातल्या पेशी वाढवून मज्जारज्जूतच टोचल्या, वर घोट्याजवळच्या नसेचे तुकडे मधल्या फटीत बसवले. आमच्याकडे? सकाळी नाकात काडी फिरवली, दुपारी कुपी तयार, आणि ती सलाईनमधून हातात. पेशी वाढायला दिवसच्या दिवस लागतात. मी विचारलंही. 'आमचं तंत्र नवीन आहे,' म्हणाले. तिथेच व्हीलचेअर वळवायला हवी होती. पण कित्येक महिन्यांनी भाऊ हसत होता हो, कुणाला जमलं असतं?

कुपीवर बॅच नंबर नसेल तर सुई टोचू देऊ नका.

पोलीस म्हणाले, संमतीपत्रावर सही तुमचीच आहे. औषध खातं म्हणालं, पेशी म्हणजे औषध नव्हे, डॉक्टरांच्या परिषदेकडे जा. परिषदेला केस पेपरची मूळ प्रत हवी, आणि ती त्याच क्लिनिकच्या कपाटात! ती मिळवून द्या म्हटलं, तर पुन्हा पोलिसांकडे बोट. रिकामी कुपी मी जपून ठेवलीय, तपासायला घ्यायची तसदी एकानेही घेतली नाही. पगार कशाचा घेतात?

'चाचणी' म्हणाले तर नोंदणी क्रमांक मागा. वर पैसेही मागितले, तर उठा. ब्रिस्बेनच्या खऱ्या चाचणीत तिघांना या पेशी दिल्या. तीन वर्षांनी निष्कर्ष काय, तर धोका दिसला नाही, हालचाल सुधारली नाही. पोर्तुगालमध्ये नाकाचं अस्तर मणक्यात बसवलेल्या एका तरुणीला आठ वर्षांनी मणक्यात त्याच जागी गाठ आली. यातलं एक अक्षर त्यांच्या ब्रोशरमध्ये नव्हतं.

पैसे परत मागितले, तर दुसऱ्या डोसवर १५ टक्के सवलत देतो म्हणाले.