नवे कन्व्हेन्शन सेंटर की आहेत ती सभागृहे? पणजीकरांनी मत ठरवण्यापूर्वी

दोनापावलाला मोठे कन्व्हेन्शन सेंटर व्हावे ही मागणी गोव्यात नवी नाही. २००४ मध्ये इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत आला, आयनॉक्स उभे राहिले, जुन्या गोमेकॉची म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत सजली. तेव्हापासून दर काही वर्षांनी हा विषय वर येतो, घोषणा होते आणि पुन्हा खाली जातो. निवडणुका जवळ आल्या की उमेदवार दारात येऊन विचारतील, तुम्ही कोणत्या बाजूचे? म्हणून दोन्ही पर्याय शेजारी ठेवून पाहतो. एक, नवे संकुल. दुसरा, कला अकादमी, ताळगावचे श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियम, मडगावचे रवींद्र भवन, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर ही आहेत ती ठिकाणे धड करणे.

नव्या संकुलाच्या बाजूने बोलायचे तर मुद्दा खरा आहे. हजारो प्रतिनिधी एका छताखाली बसतील, शेजारी प्रदर्शन भरेल आणि जेवणाचीही सोय होईल, अशी जागा पणजीत नाही. त्यामुळे मोठी कामे शहराबाहेर जातात. २०१६ ची ब्रिक्स परिषद बाणावलीच्या हॉटेलात झाली. इंडिया एनर्जी वीक २०२४ मध्ये बेतुलला ओएनजीसीच्या परिसरात भरला. ताळगावचे स्टेडियम २०१४ च्या लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीज भाषिक देशांच्या क्रीडास्पर्धांसाठी बांधले, पण तिथे इफ्फीचे सोहळे होतात, प्रदर्शने होतात, २०२२ मध्ये मंत्रिमंडळाचा शपथविधीही तिथेच झाला. एवढ्या वेळा बॅडमिंटनच्या पोरांना बाहेर काढायचे असेल तर वेगळी जागा हवी, हे म्हणणे मला पटते.

पावसाळ्याचा मुद्दाही याच बाजूचा. जून ते सप्टेंबर हॉटेले ओस, मोटरसायकल टॅक्सी चालवणारे पायलट स्टँडवर बसून, टॅक्सीवाले गाडीचे हप्ते मोजत. परिषदांना समुद्र लागत नाही, सभागृह लागते. त्या चार महिन्यांत दर पंधरवड्याला एक परिषद आली तरी हजारो घरांना फरक पडेल. खाण १२ वर्षांहून अधिक काळ लंगडत चाललेल्या राज्यात ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

पण परिषद येईलच हे कोणी सांगितले? दिल्लीत २०२३ मध्येच भारत मंडपम आणि यशोभूमी उघडली, मुंबईत जिओ वर्ल्ड आहे, हैदराबादचे केंद्र २००६ पासून चालू आहे. अमेरिकेने हा खेळ आपल्याआधी खेळून पाहिला. तिथे १९९० नंतरच्या दीड दशकात प्रदर्शनाची जागा निम्म्याहून जास्त वाढली, पण मोठ्या प्रदर्शनांना येणारी माणसे त्या प्रमाणात वाढली नाहीत. हेवूड सँडर्स या प्राध्यापकांनी २००५ मध्ये हे आकडेवारीनिशी मांडले. मग प्रत्येक शहर दुसऱ्याच्या परिषदा ओढण्यासाठी भाडे कमी करू लागले आणि तूट नागरिकांच्या डोक्यावर आली.

लॉस एंजेलिसचे ताजे उदाहरण पाहा. २०२५ मध्ये शहराच्या अंदाजपत्रकात सुमारे १ अब्ज डॉलरची तूट होती, महापौर कॅरन बास यांनी दीड हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नगर परिषदेने कन्व्हेन्शन सेंटरच्या २.६ अब्ज डॉलरच्या विस्ताराला मंजुरी दिली. बाजूने बोलणारे म्हणाले, बांधकाम कामगारांना काम मिळेल, २०२८ च्या ऑलिंपिकला उपयोग होईल, मध्य शहर सावरेल. विरोधक म्हणाले, रस्ते आणि दिवे दुरुस्त करायला पैसे नाहीत, मग हे कर्ज कोण फेडणार? दोन्ही बाजूंची माणसे शहरावर प्रेम करणारीच होती.

सान दिएगोने उलट वाट धरली. तिथे २०२० मध्ये मतदारांना थेट विचारले: हॉटेलच्या खोल्यांवरचा कर वाढवून कन्व्हेन्शन सेंटर, बेघरांसाठीच्या सोयी आणि रस्ते यांवर खर्च करायचा का? ६५ टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांनी होकार दिला, पण दोन तृतीयांशांची अट मानली तर ते थोडक्यात कमी पडत होते. ती अट लागते की साधे बहुमत पुरते, यावरून प्रकरण अनेक वर्षे कोर्टात राहिले आणि वाढीव कर मे २०२५ मध्ये लागू झाला. केंद्राच्या जवळच्या हॉटेलांना जास्त कर, लांबच्यांना कमी. ज्याला फायदा, त्याने भरायचे.

आता हे गोव्याला लावून पाहा, इथे खरी गाठ आहे. हॉटेलांवरचा लक्झरी टॅक्स राज्याच्या हातात होता, तो जुलै २०१७ पासून जीएसटीत गेला. म्हणजे सान दिएगोची वाट आपल्याला सरळ मोकळी नाही. उरतात दोन मार्ग: राज्याच्या तिजोरीतून खर्च, नाहीतर खासगी भागीदारी. भागीदार नुसते सभागृह चालवायला येत नाही. त्याला शेजारी हॉटेल हवे, दुकाने हवीत, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा हवा. आपल्याकडे अशा प्रकल्पाचे बिल जमिनीत फेडले जाते. म्हणून सभागृहाच्या वादाचा जमिनीचा वाद व्हायला गोव्यात वेळ लागत नाही.

याची आठवण करून द्यायला लांब जायला नको. दोनापावलाच्याच पठारावर आयटी हॅबिटॅट या आयटी कंपन्यांसाठीच्या संकुलाचे काम स्थानिकांच्या विरोधानंतर थांबले आणि अर्धवट सांगाडे वर्षानुवर्षे तसेच राहिले. सत्तरीत शेळ-मेळावलीचा आयआयटी प्रकल्प २०२१ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला. लोलयेच्या भगवती पठारावरच्या फिल्म सिटीला गावाने विरोध केला. २०१६ च्या डिफेन्स एक्स्पोवेळी नाकेरी-बेतुलच्या लोकांना भीती हीच होती की चार दिवसांच्या प्रदर्शनासाठी घेतलेली जमीन कायमची जाईल. या लोकांना विकासविरोधी म्हणणे सोपे आहे. मला त्यांचा राग कधी आला नाही. कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची जमीन एकदा गेली की परत येत नाही, हे त्यांना पिढ्यांपासून माहीत आहे.

दुसरा पर्याय स्वस्त दिसतो, पण सोपा नाही. कला अकादमीचेच पाहा. चार्ल्स कोरिया यांनी मांडवीकाठी उभी केलेली ही वास्तू म्हणजे गोव्याच्या मराठी रंगभूमीचे घर. तिचे नूतनीकरण सुमारे ५० कोटींना निविदेशिवाय दिले गेले, त्यावर विधानसभेत रणकंदन झाले. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. नोव्हेंबर २०२३ मध्ये वास्तू उघडली, तर कलाकारांनी आवाज आणि प्रकाशाच्या तक्रारी केल्या आणि नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमावे लागले. तेव्हा 'नवे नको, जुनेच नीट करा' म्हणणाऱ्यांनी हेही मान्य करावे की जुने नीट करण्याची आपली पद्धत अजून बसलेली नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या संस्थेचे दोन दिवसांचे संमेलन एका सरकारी सभागृहात होते. अनामत रक्कम वेळेत भरली, मंडपवाला, केटरर सगळे ठरलेले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एसी बंद पडला. तीनशे माणसे कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसली. बायकांच्या तीन स्वच्छतागृहांपैकी एकालाच कडी होती. चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या एका ज्येष्ठ कवींसाठी उतार होता, पण त्यावर जुन्या खुर्च्यांची चळत रचलेली. चौघा पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर आणले. ते हसत होते, पण मला मान वर करता आली नाही. तिथल्या शिपायाचा दोष नव्हता. देखभालीला जे मिळते ते झाडू आणि बल्बातच संपते, असे तो सांगत होता. उद्घाटनाला पैसा मिळतो, दहाव्या वर्षाला मिळत नाही. नवे संकुल बांधले तरी दहावे वर्ष येणारच.

रहदारी आणि पाण्याबद्दल फार लिहीत नाही. ताळगाव-दोनापावला रस्ता संध्याकाळी सहाला आणि ओपाच्या जलप्रकल्पाची पाइपलाइन फुटल्यावर आपले हाल सगळ्यांना ठाऊक आहेत.

माझे मत स्पष्ट आहे. तुम्ही हॉटेल, टॅक्सी किंवा केटरिंगच्या धंद्यात असाल तर नव्या संकुलाला पाठिंबा देण्यात काही गैर नाही, पण आधी पावसाळ्यातल्या बुकिंगचा लेखी अंदाज मागा आणि तो कोणी काढला ते विचारा. तुम्ही नाटक, संमेलन, खेळ यांतले असाल तर आधी आहेत त्या चार वास्तूंच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद मागा. ती होईपर्यंत मी नव्याला हो म्हणणार नाही. आणि भागीदारीचा करार समोर आलाच, तर सभागृहाच्या आसनसंख्येचे पान बाजूला ठेवा. आधी भाडेपट्ट्याची वर्षे वाचा, मग हॉटेल आणि दुकानांसाठी सोडलेले चौरस मीटर आणि शेवटी स्थानिक संस्थांना वर्षातून किती दिवस, कोणत्या दराने मिळणार ते कलम. ते कलमच नसेल तर ग्रामसभेत उठून तसे सांगा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.