आधुनिक संगीत आणि अमूर्त चित्रकला : पणजीतील एका रसास्वाद वर्गाविषयी

पणजीतील एका खासगी कलादालनाने अलीकडे घेतलेला रसास्वाद वर्ग पाश्चात्त्य आधुनिक संगीत आणि अमूर्त चित्रकला यांच्या नात्यावर होता. या विषयावर दोन कलांतील साम्ये मोघमपणे सांगून वेळ मारून नेणे सोपे असते. इथे मात्र कोणत्या कलावंताने काय ऐकले, काय पाहिले आणि त्यानंतर काय केले, याचा क्रम तारखांसह मांडला गेला. शिवाय प्रत्येक चित्रापूर्वी संबंधित रचना तुकडे न पाडता ऐकवली गेली.

संगीतकार आर्नोल्ड शॉनबर्ग आणि चित्रकार वासिली कांडिन्स्की यांच्यावरील सत्र सर्वांत कसदार झाले. २ जानेवारी १९११ रोजी म्युनिकमध्ये शॉनबर्गचे दुसरे स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) आणि पियानोवरील तीन रचना ऐकल्यावर कांडिन्स्कीने ‘इंप्रेशन ३ (कॉन्सर्ट)’ रंगवले. त्यात पियानोचा काळा आकार आणि श्रोते अजून ओळखू येतात, पण चित्राचा मोठा भाग पिवळ्या रंगाने व्यापला आहे. त्याच महिन्यात त्याने शॉनबर्गला पत्र लिहिले आणि दोघांचा स्नेह जुळला. त्या क्वार्टेटच्या शेवटच्या भागात स्वरकेंद्र सुटत जाते. तो ऐकताना वर्गात पसरलेली अस्वस्थता मला मोलाची वाटते. कारण भजने आणि नाट्यगीते ऐकत वाढलेल्या, तानपुऱ्याच्या षड्जावर कान घडलेल्या गोमंतकीय श्रोत्याला आधारस्वर हरपणे म्हणजे काय, हे व्याख्येवाचून उमगते, आणि मग चित्रातून ओळखीची वस्तू नाहीशी होणेही त्याला परके वाटत नाही.

चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गची १९५१ मधील पांढरी चित्रे आणि संगीतकार जॉन केजची १९५२ मधील ‘चार मिनिटे तेहतीस सेकंद’ ही रचना, जिच्यात वादक एकही स्वर वाजवत नाही, यांचे सत्र आटोपशीर होते. ती चित्रे पाहूनच आपण हे धाडस केले, असे केजने स्वतः मान्य केले होते.

पडद्यावरील रंग फिके होते, आणि पिवळ्या रंगावरच विवेचन चालू असताना ही उणीव फार खटकली. त्याहून मोठी उणीव मूळच्या गोव्याच्या अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याबाबत राहिली. त्यांच्या सुरुवातीच्या कामावर चित्रकार पॉल क्ले याचा प्रभाव होता, आणि क्ले स्वतः तयारीचा व्हायोलिनवादक होता; हा दुवा गोव्यात तरी सुटायला नको होता. पुढील वर्गात आयोजकांनी एक संपूर्ण संध्याकाळ गायतोंड्यांना द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.