जुन्या रीफ टाकीतले दगड: एका दिवसात की टप्प्याटप्प्याने?

रीफ टाकी म्हणजे प्रवाळ आणि मासे ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यातल्या दगडांची मांडणी बदलताना एका दिवसात सगळे दगड हलवले की माशांच्या हद्दी मोडतात. टाकीत दादागिरी करणारा डॅमसेल मासा असेल तर हा मोठाच फायदा. पण वाळूतला जुना गाळ एकदम उठतो, माशांना विषारी असलेला अमोनिया वाढू शकतो. वाळूचा थर खोल असेल तर त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटून मासे दगावण्याचीही भीती.

आठवड्याला दोन-तीन दगड हलवणं सुरक्षित, फक्त पायाचा दगड अडतो: वरचं सगळं उतरवल्याशिवाय तो निघत नाही. तरी टाकी प्रवाळांनी भरली असेल तर मी हेच करेन. सावलीतलं प्रवाळ अचानक दिव्याखाली आलं की पांढरं पडतं, आणि ते बघवत नाही.

काहीही निवडा, १.०२५ सापेक्ष घनतेचं खारं पाणी आधीच तयार ठेवा. पायाचा दगड वाळूवर नको, थेट तळाला टेकवा. गोबी मासे खालून उकरतात.